ज्या घरांना तारीख कळवलीच नाही

७ डिसेंबर १९९४ पासून संसदेतला प्रश्नोत्तरांचा तास दूरदर्शनवरून थेट दिसू लागला. त्या वेळी लोकसभेचे अध्यक्ष होते शिवराज पाटील चाकूरकर. संसदेचे कामकाज लोकांनी घरबसल्या पाहावे, यासाठी त्यांनी अध्यक्षपदावरून प्रयत्न केले. ज्या गावाचे नाव ते आडनावासारखे लावत, त्या लातूर जिल्ह्यातल्या चाकूरला हा तास बघायचा तर काय लागत होते? एक टीव्ही, छपरावर अॅल्युमिनियमच्या नळ्यांचा अँटेना आणि त्या वेळेपुरती वीज. दरमहा पैसे नाहीत, अर्ज नाही, नोंदणी नाही. टीव्ही बाळगण्याचा सरकारी परवानाही ऐंशीच्या दशकातच रद्द झाला होता. प्रक्षेपकाच्या टप्प्यात येणाऱ्या कोणत्याही घराला तो संकेत मिळे. घर कोणाचे आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नसे. पुढच्या सत्तावीसेक वर्षांत ही व्यवस्था मोडून तिच्या जागी डिजिटल व्यवस्था आली. या बदलाचा इतिहास बहुतेक वेळा तंत्रज्ञानाचा विजय म्हणून किंवा कंपन्यांची झुंज म्हणून सांगितला जातो. लातूर-नांदेडच्या पट्ट्यातून पाहिले तर वेगळीच गोष्ट दिसते. सरकारने या बदलासाठी वाहिन्यांची, केबल कंपन्यांची आणि हिशेबाची तयारी करून घेतली. घरांची तयारी मात्र ज्याच्या त्याच्यावर सोडली, आणि जी घरे फुकटच्या संकेतावर अवलंबून होती त्यांना तर बदलाची तारीखही नीट कळवली नाही.

मराठवाड्यात दूरचित्रवाणी मुळातच उशिरा आली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले, पुण्याला सहक्षेपण १९७३ मध्ये मिळाले. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात उपग्रहाद्वारे खेड्यांत टीव्ही नेण्याचा जो गाजलेला ‘साइट’ प्रयोग झाला, त्यात सहा राज्ये होती, महाराष्ट्र नव्हता. बीदरपलीकडच्या गुलबर्गा जिल्ह्यातल्या खेड्यांत सामुदायिक टीव्ही संच पोचले, पण सीमेच्या अलीकडे, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, ते नव्हते. ऐंशीच्या दशकात देशभर कमी शक्तीच्या प्रक्षेपकांचे जाळे पसरले. शंभर वॅटच्या अशा एका प्रक्षेपकाचा पल्ला जेमतेम दहा-पंधरा किलोमीटर. त्यामुळे जिल्ह्याच्या गावात स्वच्छ दिसणारे चित्र तालुक्याला पोचेपर्यंत मुंग्यांनी भरून जाई. म्हैसमाळ आणि अंबाजोगाईच्या मोठ्या मनोऱ्यांनी पुढे हा पल्ला वाढवला. तरीही लातूरपासून पस्तीसेक किलोमीटरवरच्या चाकूरला किंवा आसपासच्या वडवळ नागनाथ, नळेगावला चित्र मिळवायचे म्हणजे उंच पाइप, बूस्टर आणि अँटेना फिरवणारा एक माणूस लागे. या तंत्राचा एक गुण मात्र नोंदवायला हवा. अॅनालॉग संकेत अशक्त झाला तरी पूर्ण मरत नाही. चित्र खराब होते, आवाज खरखरतो, पण बातम्या कळतात. डिजिटल संकेताला ही सवलत नाही. तो पुरेसा असेल तर चित्र स्वच्छ, जरा कमी पडला की पडदा कोरा. वारंवार भारनियमन सोसलेल्या आणि कमी-जास्त दाबाच्या विजेची सवय झालेल्या भागासाठी हा फरक बारीक नव्हता.

१९९१-९२ नंतर केबल आली. एका गच्चीवर दोन-चार मोठ्या छत्र्या, खाली एक खोली, तिथून खांबाखांबावरून घराघरांत काळी वायर. हा धंदा परवान्याआधी उभा राहिला आणि कायदा मागाहून, १९९५ मध्ये, आला. त्या कायद्याच्या आठव्या कलमाने केबलचालकाला दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवणे बंधनकारक केले. पुढे त्या वाहिन्या ‘प्राइम बँड’मध्येच हव्यात, अशी अटही आली. या अटीचा उपयोग कोणाला होता, हे समजून घेतले पाहिजे. जुन्या आणि स्वस्त संचांवर मोजक्याच वाहिन्या लागत. दूरदर्शन वरच्या लहरींवर गेले असते तर गरिबाच्या घरातून ते आपोआप गायब झाले असते. म्हणजे घरातला टीव्ही जुना असू शकतो, याचा विचार आपल्याच कायद्यात एकदा झाला होता. दहा-बारा वर्षांनी केबल डिजिटल करण्यासाठी याच कायद्यात मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा त्या विचाराला जागा उरली नाही.

दुरुस्तीमागचे कारण खोटे नव्हते, हे आधीच मान्य करतो. अॅनालॉग वायरीतून किती घरे टीव्ही पाहतात, हे केबलचालकाखेरीज कोणाला कळायचे नाही. तो वाहिन्यांना कमी आकडा सांगे, करमणूक कर भरताना आणखी कमी सांगे. महानगरपालिकेच्या हद्दीत दर जोडणीमागे महिना ४५ रुपये आणि लहान गावांत त्याहून कमी दराने राज्य हा कर घेत होते. लपवलेल्या प्रत्येक जोडणीवर सरकारचे पैसे बुडत होते. तारेची क्षमताही अपुरी होती. अॅनालॉग पद्धतीत एका वाहिनीला जितकी जागा लागते तितक्याच जागेत डिजिटल पद्धतीने आठ-दहा वाहिन्या बसतात. जागा कमी आणि वाहिन्या उदंड, म्हणून वाहिन्याच केबल कंपन्यांना जागेचे भाडे देत. ज्याच्याकडे भाड्याचे पैसे नाहीत, त्या प्रादेशिक वाहिनीला कोपराही मिळत नसे. ऑगस्ट २०१० मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, संपूर्ण डिजिटल व्यवस्थेची शिफारस केली. २०११ च्या ऑक्टोबरात अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात संसदेने दुरुस्ती संमत केली. सुधारणा आवश्यक होती. आक्षेप आहे तो तिच्या पोटातल्या गृहीतकावर. घर हे मोजायचे एकक आहे, असे ही सुधारणा धरून चालली. त्या घरात कोणता टीव्ही आहे, भिंतीवर सॉकेट किती आहेत, नवा रिमोट कोण हाताळणार, या गोष्टी तिच्या कक्षेत आल्याच नाहीत.

टप्पे कसे आखले, त्यातूनही हेच दिसते. पहिला टप्पा चार महानगरांचा. त्याची मुदत जून २०१२ वरून ऑक्टोबरअखेरपर्यंत गेली. दुसरा ३८ मोठ्या शहरांचा, ३१ मार्च २०१३. त्यात महाराष्ट्रातली नऊ शहरे होती आणि मराठवाड्यातले एकटे औरंगाबाद. तिसऱ्यात उरलेली सगळी शहरे, म्हणजे लातूर आणि नांदेड. चौथ्यात बाकीचा देश. तिसरा टप्पा आधी सप्टेंबर २०१४ ला संपायचा होता, तो ३१ डिसेंबर २०१५ वर गेला. चौथा डिसेंबर २०१४ वरून डिसेंबर २०१६ वर. ठिकठिकाणच्या उच्च न्यायालयांत याचिका झाल्या, स्थगित्या मिळाल्या, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रकरणे दिल्ली उच्च न्यायालयाकडे सोपवली. अखेर माहिती व प्रसारण मंत्रालयाने तिसऱ्या टप्प्यासाठी ३१ जानेवारी २०१७ आणि चौथ्यासाठी ३१ मार्च २०१७ अशा तारखा दिल्या. चाकूर यात कुठे बसत होते? २०११ मध्ये टप्पे ठरले तेव्हा तिथे ग्रामपंचायत होती. २०१४ नंतर राज्याने तालुक्याच्या गावांना नगरपंचायती दिल्या, त्यात चाकूरही आले. म्हणजे मुदत चालू असतानाच गावाचा दर्जा बदलला. शेजारच्या खेड्यांना चौथा टप्पा लागू, लातूरला तिसरा, आणि मध्ये रस्त्यावरचे हे गाव. घरी बसलेल्या माणसाला आपली शेवटची तारीख कोणती, हे वर्तमानपत्र वाचूनही निश्चित सांगता आले नसते. वारंवार हललेल्या तारखेवर कोणी विश्वास ठेवावा, हाही प्रश्नच होता.

आता घरात काय करावे लागले ते पाहू, कारण इतिहासाचा हा भाग कोणी लिहून ठेवलेला नाही. केबलवाला सांगे, बॉक्स घ्या, नाहीतर चित्र जाईल. बॉक्सला हजार-दीड हजार रुपये. सोबत ग्राहकाचा अर्ज: नाव, पत्ता, ओळखपत्र आणि सही. तोवर ‘मागच्या गल्लीतलं घर’ एवढी ओळख पुरत होती. मग बॉक्स जोडायचा कुठे? रंगीत टीव्हीला मागे लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची जागा असेल तर काम सोपे. जुना काळा-पांढरा पोर्टेबल असेल तर त्याला फक्त अँटेनाची पिन. बॉक्समधून त्या पिनेला चालणारा संकेत निघत नसेल तर मधे आणखी एक उपकरण घ्यायचे किंवा टीव्हीच बदलायचा. एका वायरीवर आतल्या खोलीतला दुसरा टीव्ही चालत असे. आता प्रत्येक टीव्हीला स्वतंत्र बॉक्स. टीव्हीचे बटण एकीकडे, बॉक्सचे दुसरीकडे, रिमोट दोन. वीज गेली आणि आली की बॉक्स पुन्हा सुरू व्हायला वेळ घेणार. वाहिनीचा क्रमांक तीन आकडी झाला आणि पडद्यावरच्या सूचना बहुधा इंग्रजीत आल्या. ज्या घरात दुपारी एकटी म्हातारी टीव्ही लावत होती, तिथे तो आता नातवंडे शाळेतून येईपर्यंत बंद राहणार. यातली एकेक अडचण किरकोळ वाटेल. पण बाकीच्या जगात सरकारांनी ज्याला ‘तयारी’ म्हटले, ती याच किरकोळ अडचणींची यादी होती.

मुदतींचा काळही ध्यानात घ्यावा लागेल. तिसऱ्या टप्प्याची ३१ डिसेंबर २०१५ ही तारीख आली, तेव्हा लातूर जिल्हा सलग दुष्काळात होता. पुढच्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. ‘जलदूत’ गाडीची चित्रे देशाने टीव्हीवर पाहिली, आणि ज्या जिल्ह्याची ती चित्रे होती त्याच जिल्ह्यातल्या घरांनी त्या वर्षभरात बॉक्स घ्यावा अशी अपेक्षा होती. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०१६-१७ मध्ये दिवसाला १९२ रुपये होती. बॉक्स म्हणजे पाच ते आठ दिवसांची मजुरी. त्या वर्षी पाऊस झाला, तूर उदंड पिकली. पण ८ नोव्हेंबरला नोटाबंदी आली, आणि हंगामात ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली तूर विकण्याची पाळी शेतकऱ्यांवर आली. शेवटच्या दोन्ही तारखा, जानेवारी आणि मार्च २०१७, नेमक्या या महिन्यांत पडतात. टीव्हीच्या तारखांचा आणि या संकटांचा कार्यकारण संबंध मी जोडत नाही. दिल्लीत तारखा ठरवताना त्यात शेतीचा हंगाम, हाताशी येणारी रोकड आणि दुष्काळ धरलेला नव्हता, एवढेच दाखवायचे आहे.

यावर पहिला आक्षेप येतो: टीव्ही ही चैन आहे, तिच्यासाठी सरकारने खिशात हात का घालावा? ज्या देशांनी हात घातला, त्यांनी तो दयाबुद्धीने घातलेला नाही. चालणारे उपकरण सरकारी निर्णयाने निकामी होत असेल, तर भरपाईचा काही वाटा सरकारचा, हा साधा हिशेब होता. अमेरिकेने प्रत्येक घराला चाळीस डॉलरची दोन कुपने देऊ केली. ब्रिटनने २००७ ते २०१२ या काळात प्रदेशवार बदल केला आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांसाठी व गंभीर अपंगत्व असलेल्यांसाठी वेगळी मदत योजना चालवली. तिच्यासाठी परवाना शुल्कातून ६० कोटी पौंडांहून अधिक रक्कम राखून ठेवली. माणूस घरी येऊन उपकरण जोडून, वापर शिकवून जाई. अमेरिकेचा कारभार निर्दोष नव्हता. २००९ च्या जानेवारीत कुपनांचा पैसा संपला, लाखो लोक प्रतीक्षा यादीत गेले. पण त्यावर तिथल्या संसदेने काय केले? १७ फेब्रुवारीची तारीख १२ जूनवर नेली, कारण घरे तयार नव्हती. आपल्याकडेही तारखा हलल्या, पण बसलेल्या बॉक्सांचे आकडे आणि न्यायालयाचे आदेश बघून. परदेश श्रीमंत म्हणून त्यांना परवडले, असे म्हणायचे असेल तर तामिळनाडू पाहावे. तिथल्या सरकारी ‘अरसू’ केबलने २०१७ मध्ये ग्राहकांना बॉक्स फुकट दिले. ती योजना राजकीय होती असे म्हणता येईल. पण बॉक्सचा खर्च घरावर टाकणे अटळ होते, हा दावा मात्र तिने खोटा ठरवला.

यादीच नव्हती, मदत कोणाला करणार, असाही युक्तिवाद होतो. तो लंगडा आहे. करमणूक कराची शाखा जिल्हाधिकारी कार्यालयात होती. केबलचालक कोण, कोणत्या गावात, किती जोडण्या दाखवतो, याची नोंद तिच्याकडे येत होती. आकडे कमी असतील, पण गावांची नावे तर खरी होती. रेशनच्या याद्यांत दारिद्र्यरेषेखालची कुटुंबे होती. ग्रामसभा होत्या, दवंडी होती, आठवडी बाजार होता. पल्स पोलिओचा डोस घरोघर पोचवणाऱ्या यंत्रणेला टीव्हीच्या मागची पिन तपासणे अशक्य नव्हते. जाहिराती झाल्या, पण त्या मुख्यतः टीव्हीवरच. आणि अखेर कामाला आला तो स्थानिक केबलवाला, ज्याला या कायद्याने आकडे लपवणारा ठरवले होते. त्याने हप्ते पाडून दिले, जुन्या बॉक्सांची अदलाबदल केली, अर्ज स्वतः भरले. त्यात त्याचा स्वार्थ होताच. स्वतःचे डिजिटल केंद्र उभारणे त्याच्या कुवतीबाहेर असल्याने तो मोठ्या कंपनीचा वितरक बनला होता, आणि ग्राहक सुटला तर सगळेच सुटणार होते. तरी मराठवाड्यातल्या घरांची तयारी कोणी केली याचे उत्तर द्यायचे, तर पहिले नाव त्याचेच घ्यावे लागेल.

दुसरे नाव छत्री बसवणाऱ्याचे. १६ डिसेंबर २००४ ला दूरदर्शनने ‘डीडी डायरेक्ट प्लस’ ही थेट उपग्रहसेवा ३३ वाहिन्यांनिशी सुरू केली. पुढे तिचे नाव ‘फ्री डिश’ झाले. छत्री आणि बॉक्स यांचा एकदाच खर्च, मग महिन्याचे काही नाही. अँटेनाची फुकटची सोय जवळजवळ तशीच टिकवणारी, खेड्यांपर्यंत पोचलेली ही एकमेव डिजिटल सेवा, आणि म्हणून खेड्यापाड्यांनी ती उचलली. केंद्र सरकारच्या म्हणण्याप्रमाणे २०२२ च्या सुमारास तिची घरे ४ कोटींच्या पुढे होती. सह्याद्री वाहिनी तिच्यावर आहे. पुढे ‘फक्त मराठी’, ‘शेमारू मराठीबाणा’ यांसारख्या खासगी वाहिन्याही आल्या. तेव्हा बाजाराने आणि लोकांनी मिळून प्रश्न सोडवला, मग तक्रार कशाची, हा दुसरा आक्षेप. त्यात तथ्य आहे, पण तो एका बाजूला डोळेझाक करतो. फ्री डिश घेणाऱ्या घरालाही एकरकमी खर्च होताच, आणि ती घ्यायला हवी हे त्याला कोणी अधिकृतपणे सांगितले नव्हते. एखाद्याच्या छपरावर ती दिसली, त्यावरून दुसऱ्याने घेतली, तिसऱ्याने चौकशी केली. ज्याच्याकडे हजार रुपये आणि चौकशी करणारा मुलगा होता त्याचे काम झाले.

राहिली अँटेनावाली घरे. केबलच्या बदलाला निदान कायदा होता, टप्पे होते, राजपत्र होते. जमिनीवरच्या अॅनालॉग प्रक्षेपकांना यातले काहीच मिळाले नाही. चौदाशेच्या आसपास प्रक्षेपक होते; ते काही वर्षे तुकड्यातुकड्याने बंद होत गेले. २०२१ च्या ऑक्टोबरात, कलबुर्गी आणि सिलचरची केंद्रे बंद होणार म्हणून ओरड झाल्यावर, दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने खुलासा केला. अॅनालॉग भूप्रक्षेपण कालबाह्य आहे, बहुतेक प्रक्षेपक आधीच बंद झाले आहेत, सीमावर्ती वगैरे मोक्याची सुमारे ५० ठिकाणे सोडून उरलेलेही मार्च २०२२ पर्यंत जातील, असा त्याचा आशय होता. विजेची बचत आणि मोकळ्या होणाऱ्या लहरी ही कारणे दिली गेली, आणि ती रास्त आहेत. अँटेनाने पाहणारे राहिलेच किती, असा तिसरा आक्षेप इथे येतो. थोडे राहिले असतील. पण थोडे राहिलेले लोक कोण असतात? ज्यांना केबल परवडली नाही, ज्यांच्या वस्तीपर्यंत वायर आली नाही, ज्यांच्याकडे छत्री बसवायला पक्के छप्पर नाही, जे एकटे आणि म्हातारे आहेत. संख्या घटत जाते तसतसे उरलेले अधिक दुर्बळ असतात. ब्रिटनने आपली मदत नेमकी त्यांच्यासाठी ठेवली होती. शिवाय जमिनीवरूनच डिजिटल प्रक्षेपण करण्याचा पर्याय होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरदर्शनने तो १६ शहरांत सुरूही केला. महाराष्ट्रात मुंबई आणि औरंगाबाद. लातूर, नांदेड, परभणीच्या अँटेनांना मात्र जुन्या संकेतानंतर दुसरा संकेत आला नाही.

मदतीची गरज होती, हे सरकारने पुढे एका अर्थी मान्य केले. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या २,५३९ कोटींच्या ‘बाइंड’ योजनेत ८ लाखांहून अधिक फ्री डिश बॉक्स मोफत वाटण्याची तरतूद आहे. ते दुर्गम, आदिवासी, सीमावर्ती आणि नक्षलग्रस्त भागांसाठी आहेत. चाकूर, अहमदपूर, मुखेड, कंधार हे लातूर-नांदेडचे तालुके यांतल्या कोणत्याच व्याख्येत सहजी बसत नाहीत. अवर्षणाने आणि कर्जाने गांजलेला मुलूख या यादीत वेगळा रकाना म्हणून नाही.

केबल घेतलेल्यांचीही तयारी २०१७ ला संपली नाही. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची नवी दरपद्धत आली: १०० वाहिन्यांपर्यंत १३० रुपये आणि कर, त्यावर प्रत्येक सशुल्क वाहिनीचे वेगळे पैसे. वाहिन्या आपण निवडायच्या, ही कल्पना चांगली. पण निवड कागदावर किंवा मोबाइलवर नोंदवायची होती, आणि बहुतेक घरांसाठी ती केबलवाल्यानेच केली. त्याच सुमारास अनेकांना कळले की हजार-दीड हजाराला घेतलेला बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या वायरीला चालत नाही. कंपनी बदलायची तर बॉक्स पुन्हा नवा. एप्रिल २०२० मध्ये ट्रायने सरकारला शिफारस केली की बॉक्स कोणत्याही कंपनीशी जुळणारा असावा, म्हणजे मोबाइलच्या हँडसेटप्रमाणे तो ग्राहकाचा राहील. ही अट पहिल्या बॉक्सपासून, २०१२ लाच घातली असती, तर चाकूरच्या घरांनी दुष्काळात आणि नोटाबंदीत जमवलेले ते पैसे खरोखर त्यांच्या मालकीच्या वस्तूवर खर्च झाले असते. शिफारस आली तेव्हा चारही टप्पे उलटून तीन वर्षे झाली होती आणि कोट्यवधी बॉक्स आधीच विकले गेले होते.